खेळाडूची झोप आणि मेंदूतले रिसेप्टर: चहाच्या कपापासून झोपेच्या गोळीपर्यंत काय, किती आणि कधी

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची तयारी करणाऱ्या काही ऑस्ट्रेलियन जलतरणपटूंच्या मनगटावर संशोधकांनी दोन आठवडे हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. सकाळी सहाला पाण्यात उतरायचं असेल त्याच्या आदल्या रात्री हे जलतरणपटू सरासरी ५.४ तास झोपत होते. सुट्टीच्या आदल्या रात्री मात्र ७.१ तास. प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, डॉक्टर सगळं हाताशी असलेल्या खेळाडूंची ही स्थिती होती. मग कोल्हापूरच्या तालमीत पहाटे चारला उठणारा पैलवान, पोलीस भरतीसाठी अंधारातच मैदान गाठणारी मुलगी किंवा नोकरी सांभाळून मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारा धावपटू यांचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

झोप कमी पडली की खेळाडू काहीतरी घ्यायला लागतो. दिवसा तरतरी यावी म्हणून चहा, कॉफी, सरावाआधी घ्यायच्या प्री-वर्कआउट पावडरीचा स्कूप. रात्री डोळा लागावा म्हणून मेलाटोनिन, सर्दीची गोळी, नाहीतर मित्राने दिलेली झोपेची गोळी. यातला प्रत्येक पदार्थ मेंदूतल्या पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतो. त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. कोणता पदार्थ कुठल्या रिसेप्टरवर बसतो, तिथे जाऊन त्याचं काम चालू करतो की अडवतो आणि किती तास ठाण मांडतो, या तीन गोष्टी कळल्या की बरेच निर्णय सोपे होतात.

हा लेख खेळाडू, पालक आणि प्रशिक्षकांसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि पुढचा सगळा क्रम त्यावरच बेतला आहे: झोप यावी म्हणून काही घेण्याआधी, झोपेच्या आड येणारं जे घेतलं जातंय ते काढा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

पहिलं काम: दोन आठवड्यांची वही

काहीही बदलू नका, फक्त लिहा. रात्री दिवे किती वाजता मालवले, अंदाजे झोप कधी लागली, मध्ये किती वेळा जाग आली, सकाळी कधी उठलात. दिवसा डुलकी घेतली का, किती वेळ. सराव कधी संपला. आणि एक रकाना पोटात गेलेल्या प्रत्येक गोष्टीचा: चहा, कॉफी, एनर्जी ड्रिंक, स्कूप, तंबाखू, दारू, औषध, सगळं वेळेसकट. हा शेवटचा रकाना लोक टाळतात आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

घड्याळ किंवा अंगठी असेल तर तिच्यावरचे एकूण तास पाहा, पण ‘गाढ झोप अमुक मिनिटं’ या आकड्यावर विसंबू नका. झोपेचे टप्पे नीट ओळखायला मेंदूच्या विद्युतलहरी मोजाव्या लागतात. मनगटावरचं यंत्र नाडी आणि हालचालीवरून अंदाज बांधतं. आकडा कमी दिसला म्हणून घाबरून झोप उडालेले खेळाडू आहेत आणि झोपतज्ज्ञांनी या प्रकाराची नोंदही घेतली आहे.

दोन आठवडे यासाठी की सरावाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही त्यात यावेत. सुट्टीच्या दिवशी तुम्ही दीड-दोन तास जास्त झोपत असाल, तर निद्रानाश हा तुमचा प्रश्न नाही. तुम्हाला झोपायला वेळच मिळत नाहीये, आणि त्यावर कोणतीही गोळी चालत नाही.

दुसरं काम: तास वाढवा, निदान एका ऋतूसाठी

२०१४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सातवी ते बारावीच्या ११२ शाळकरी खेळाडूंची झोप आणि दुखापती तपासल्या. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट निघाला. २०११ मध्ये शिकागोत तरुण, निरोगी पुरुषांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. २०२१ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात एकाच रात्रीच्या पूर्ण जागरणानंतर स्नायूंमध्ये नवी प्रथिनं बनण्याचा वेग १८ टक्क्यांनी घटला. बदाम, दूध, तूप, अंडी या खुराकावर महिन्याला हजारो रुपये खर्च करणाऱ्या पैलवानाने या शेवटच्या आकड्यावर जरा थांबावं. खुराक तोच राहतो, त्याचा स्नायू होण्याचं काम मंदावतं.

उलट बाजूचा पुरावाही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात चेरी माह यांनी ११ बास्केटबॉल खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात घालवायला सांगितलं. मैदानावरच्या धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. खेळाडू थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तुम्हालाही तेवढाच फायदा होईल असं कुणी छातीठोक सांगू नये. पण दिशा स्पष्ट आहे, खर्च शून्य आहे आणि उत्तेजक चाचणीत यातलं काही सापडत नाही.

व्यवहारात हे कसं जमवायचं? उठण्याची वेळ धरून मागे मोजा. चारला उठायचं असेल तर आठ तासांच्या हिशेबाने आठला झोपावं लागतं, आणि आपल्या घरांत आठला तर जेवणही होत नाही. म्हणून पहिला प्रश्न वस्तादांना किंवा प्रशिक्षकांना विचारायचा आहे: सकाळचा सराव एक तास पुढे जाईल का? उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात उन्हामुळे हे अवघड आहे, मान्य. पण पावसाळ्यात आणि थंडीत बंदिस्त तालमीत किंवा मॅटवर पहाटे चारचा हट्ट धरण्यामागे सवयीखेरीज फारसं कारण उरत नाही. वाढीच्या वयातल्या मुलांचं शरीरघड्याळ तर निसर्गतःच मागे सरकलेलं असतं; त्यांना रात्री लवकर झोप येत नाही यात त्यांचा दोष नाही.

वेळ बदलणं शक्यच नसेल, तर दुपारची झोप हक्काने घ्या. रात्री चारच तास झोपू दिलेल्या निरोगी पुरुषांवरच्या २००७ च्या ब्रिटिश प्रयोगात दुपारी एक ते दीड अशी अर्ध्या तासाची डुलकी दिल्यावर २० मीटरच्या धावण्याची वेळ सुधारली. दुपारी तीनच्या आत, एकतर २०-३० मिनिटं नाहीतर पूर्ण दीड तास. मधल्या कुठल्या टप्प्यावर गाढ झोपेतून उठवलं तर बराच वेळ डोकं जड राहतं. उठल्यावर सरावाआधी निदान अर्धा तास जाऊ द्या.

तिसरं काम: कॅफीनचा हिशेब

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण खेळाडूंच्या झोपेत सर्वाधिक ढवळाढवळ करणारा पदार्थ हाच आहे आणि त्याला कुणी औषध समजत नाही.

जागेपणी मेंदूच्या पेशी सतत ऊर्जा खर्च करतात. ऊर्जा पुरवणारा एटीपी नावाचा रेणू मोडत जातो आणि त्या मोडीतून ॲडेनोसिन साचतं. हे ॲडेनोसिन मुख्यतः दोन प्रकारच्या रिसेप्टरांवर काम करतं: ए-१ आणि ए-२ए. ए-१ मार्फत जागं ठेवणाऱ्या पेशी मंदावतात, ए-२ए मार्फत झोप आणणारी यंत्रणा जोर धरते. सकाळपासून रात्रीपर्यंत झोपेचा हा दाब चढत जातो आणि झोपेत उतरतो. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेचं जे द्विसूत्री प्रारूप मांडलं, त्यातलं एक सूत्र म्हणजे हा दाब आणि दुसरं शरीरघड्याळ.

कॅफीनचा रेणू ॲडेनोसिनशी इतका मिळताजुळता आहे की तो त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतो, पण रिसेप्टर चालू मात्र करत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं हे आहे: सीटवर माणूस नाही, पण दुसऱ्याला बसताही येत नाही. औषधशास्त्रात अशा पदार्थाला अवरोधक म्हणतात. उंदरांवरच्या प्रयोगात ए-२ए रिसेप्टर काढून टाकल्यावर कॅफीनने जाग येणं थांबलं. ए-१ काढल्यावर मात्र जाग येतच राहिली. म्हणजे चहाने येणारी तरतरी मुख्यतः ए-२ए अडवल्याने येते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कॅफीन थकवा घालवत नाही. थकल्याचा निरोप अडवून धरतं. ॲडेनोसिन मागे साचतच असतं आणि कॅफीन उतरलं की ते एकदम जाणवतं. जर्मनीतल्या यूलिश इथल्या संशोधकांनी माणसांना ५२ तास जागं ठेवून मेंदूची पीईटी चित्रं (रिसेप्टर दाखवणारे स्कॅन) काढली, तेव्हा ए-१ रिसेप्टरांची उपलब्धता वाढलेली दिसली. चौदा तासांच्या झोपेनंतर ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. जागरणाने रिसेप्टरांत होणारा हा बदल झोपेनेच पुसला गेला.

आता हिशेब. कॅफीन रक्तातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, पण माणसामाणसांत हा काळ दीड तासापासून नऊ तासांपर्यंत बदलतो. यकृतातल्या ज्या विकराने (एन्झाइमने) कॅफीन मोडतं त्याचा वेग काहींत जन्मतःच कमी असतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या खेळाडूंमध्ये हा काळ जवळजवळ दुप्पट होतो, ही गोष्ट महिला खेळाडूंना क्वचितच कुणी सांगतं. ‘मी रात्री कॉफी पिऊनही झोपतो’ म्हणणारेही असतात. झोप लागते हे खरं, पण गाढ झोपेच्या लहरी उथळ होतात आणि ते झोपणाऱ्याला कळत नाही.

मापं साधारण अशी धरा. एक कप चहात ३० ते ५० मिलिग्रॅम, कटिंगमध्ये त्याच्या निम्मं. एक कप इन्स्टंट कॉफीत ६० ते ८०. एनर्जी ड्रिंकसाठी आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये १५० ते ३००, कधी त्याहूनही जास्त. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. पाकिटामागचा मजकूर वाचा.

कामगिरी सुधारण्यासाठी संशोधनात वापरलेली मात्रा वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या कबड्डीपटूने किलोमागे तीनच्या हिशेबाने १८० मिलिग्रॅम संध्याकाळी सहाला घेतलं, तर रात्री अकराला त्यातलं ९० शिल्लक असतं. अंथरुणावर पडताना एक कडक कॉफी प्यायल्यासारखं. पहाटे चारलाही ४५ उरतं, म्हणजे एक कप चहा. अमेरिकेत २०१३ मध्ये केलेल्या प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी दिलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही झोप तासाभराहून जास्त घटली. २०२३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष तर याहून कडक आहे: साधारण १०७ मिलिग्रॅमची कॉफी झोपेच्या ८.८ तास आधी आणि २१७ मिलिग्रॅमचा प्री-वर्कआउट १३.२ तास आधी संपवावा.

म्हणून नियम असा करा. दहाला झोपणाऱ्याने शेवटचा चहा दुपारी एकच्या सुमारास घ्यावा. संध्याकाळच्या सरावाला स्कूप अजिबात नको, कारण सरावात मिळालेली थोडीशी धार त्याच रात्री झोपेतून वजा होते आणि स्नायू तर रात्रीच भरून निघायचे असतात. स्कूप स्पर्धेसाठी राखा, तोही सकाळ-दुपारच्या. प्रकाशझोतात रात्री उशिरा होणाऱ्या कबड्डीच्या सामन्याला कॅफीन घ्यायचंच असेल तर किलोमागे तीनच्या वर जाऊ नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सराव नाही हे प्रशिक्षकांकडून आधी ठरवून घ्या. स्पर्धा सलग दिवस चालणार असेल तर माझं स्पष्ट मत आहे: अंतिम फेरीखेरीज टाळा.

दिवसाला सात-आठ कप घेणाऱ्याने एकदम सोडू नये. बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा, संध्याकाळचा आधी. हे स्पर्धेच्या आठवड्यात सुरू करू नका.

वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २००४ पासून कॅफीन बंदी यादीतून काढलं आहे. ते फक्त देखरेखीखाली आहे. पण स्कूपच्या डब्यातलं बाकीचं काय, तो प्रश्न पुढे येतो आहे.

चौथं काम: उजेड, आणि मग मेलाटोनिन

डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याच्या पेशींखेरीज उजेडाची नोंद घेणाऱ्या आणखी काही पेशी असतात. त्यांच्यात मेलानोप्सिन असतं आणि ते सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतं. तिथून संदेश थेट मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जातो. संध्याकाळी उजेड ओसरला की पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडायला लागते आणि ते एमटी-१ व एमटी-२ या रिसेप्टरांवर बसून शरीराला रात्र झाल्याचं कळवतं. गुंगी आणणं हे त्याचं मुख्य काम नाही.

म्हणून आधी उजेड सुधारा. सकाळी उठल्यावर अर्धा तास उघड्यावर. मैदानावरच्या खेळाडूंना हे आपसूक मिळतं, जिममधल्यांना आणि बंदिस्त हॉलमध्ये खेळणाऱ्यांना मिळत नाही. रात्री जेवणानंतर ट्यूबलाइट बंद करून पिवळा मंद दिवा. झोपण्याच्या एक-दोन तास आधी गरम पाण्याने अंघोळ: पाणी ४० ते ४२ अंश असेल तर हातापायांतून उष्णता बाहेर पडून शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि झोप लवकर लागते. जोराचा सराव झोपेच्या निदान दीड तास आधी संपवा.

मेलाटोनिनचा खरा उपयोग लांबच्या विमानप्रवासात आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात ०.५ ते ५ मिलिग्रॅमची मात्रा जेट लॅगवर परिणामकारक आढळली, विशेषतः पाच किंवा अधिक वेळपट्टे पूर्वेकडे ओलांडताना. मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलट्या दिशेने सरकतं.

नागोयाला स्पर्धेसाठी निघालेल्या खेळाडूचं उदाहरण घेऊ. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. भारतात साडेदहाला झोपून सहाला उठणाऱ्याच्या शरीराचं तापमान पहाटे साडेतीनच्या आसपास तळाला असतं. जपानी घड्याळात तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात. या क्षणाच्या आधी डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे आणतो. आपल्याला पुढे आणायचं आहे. तेव्हा पहिल्या दिवशी सातच्या आधी जाग आली तर खोली अंधारीच ठेवा, नाहीतर गडद चष्मा घाला. सात ते दहा भरपूर उन्हात राहा. पुढच्या प्रत्येक दिवशी ही वेळ तासाभराने अलीकडे घ्या. डॉक्टरांनी मेलाटोनिन सुचवलं असेल तर ते तिथल्या रात्री दहाच्या सुमारास. आणि निघण्याआधी चार दिवस रोज अर्धा तास लवकर झोपून लवकर उठलात तर निम्मं अंतर घरीच कापून होतं. पश्चिमेला जाताना दिशा उलटी करायची. संध्याकाळचा उजेड तिथे मदत करतो.

एक मोठी अडचण मात्र आहे. २०१७ मध्ये कॅनडात मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा प्रत्यक्ष मात्रा लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघाली आणि २६ टक्के उत्पादनांत सेरोटोनिन सापडलं. फळांच्या चवीच्या गमी गोळ्या खेळाडूने टाळाव्यात.

पाचवं काम: घरातलं औषधांचं कपाट तपासा

सर्दीची गोळी. हिस्टामिन मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनांपैकी एक. ते एच-१ रिसेप्टरवर काम करतं. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी ॲलर्जीची औषधं मेंदूत शिरून हा रिसेप्टर अडवतात, म्हणून झापड येते. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या पीईटी अभ्यासांत अशा औषधांनी मेंदूतले निम्म्याहून अधिक एच-१ रिसेप्टर व्यापलेले दिसले, तर फेक्सोफेनाडिनने जवळजवळ एकही नाही. क्लोरफेनिरामिन शरीरात निम्मं व्हायला वीसेक तास लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या सरावात प्रतिसाद मंदावतो. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांकडे झापड न आणणारं औषध मागा, आणि झोपेसाठी ही गोळी घेऊ नका.

खोकल्याचं औषध. आपल्याकडच्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. ते बीटा-२ रिसेप्टर चालू करून श्वासनलिका सैल करतं, पण सोबत छातीत धडधड आणि हाताला कंप आणतं आणि झोप उडवतं. त्याहून गंभीर म्हणजे ते वाडाच्या यादीत कायम बंदी असलेलं औषध आहे, स्पर्धा असो वा नसो. मेडिकलमधून सहज उचललेल्या बाटलीने कारकीर्द अडचणीत येऊ शकते.

झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि झोल्पिडेम ही गॅबा-ए रिसेप्टरवरची औषधं. गॅबा हे मेंदूला शांत करणारं मुख्य रसायन. या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. येणारी झोप नैसर्गिक झोपेची नक्कल असते, आणि बेन्झोडायझेपाइन गटात (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम) गाढ झोपेच्या लहरी कमी होतात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने महिलांसाठी झोल्पिडेमची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण सकाळी गाडी चालवण्याइतकं भान येत नव्हतं. जिथे गाडीची हमी नाही तिथे रिंगणात उतरण्याची कुठली? २०१२ च्या लंडन स्पर्धेआधी ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक समितीने आपल्या संघाला या औषधावर बंदी घातली होती, वाडाच्या यादीत ते नसतानाही. भारतात या तिन्ही गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांत मोडतात. चिठ्ठीविना विकायच्या नाहीत. मित्राची गोळी मित्रालाच परत द्या.

१९९८ मध्ये सापडलेल्या ओरेक्सिन या जागं ठेवणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरांवरही आता औषधं आहेत. सुवोरेक्संट २०१४ मध्ये आणि डॅरिडोरेक्संट २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ती मेंदूला दाबून टाकण्याऐवजी जागं ठेवणारा संदेश अडवतात. कल्पना मला मोलाची वाटते, पण ही औषधं निद्रानाशाच्या रुग्णांसाठी आहेत, पहाटेच्या सरावावर उतारा म्हणून नाहीत.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर एवढं माहीत असू द्या: पिनियल ग्रंथीला मेलाटोनिन बनवण्याचा आदेश बीटा-१ रिसेप्टरमार्फत जातो, त्यामुळे काहींची झोप बिघडते. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. नेमबाजी आणि तिरंदाजीत हीच औषधं हाताचा कंप कमी करतात म्हणून बंदीच्या यादीत आहेत. स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसमधल्या पदकानंतर रायफल हाती घेतलेल्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

तंबाखू आणि मिश्रीतलं निकोटिन जागं ठेवणारे रिसेप्टर चालू करतं. रात्री जेवणानंतरची चिमूट सगळ्यात वाईट. दारूने डोळा लवकर मिटतो, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटक जातो.

सहावं काम: बंदी यादीशी ताळा

शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूची, मग तो डॉक्टरांनी दिलेला असो की आईने. मोडाफिनिलसारखी जागं ठेवणारी औषधं आणि भांग स्पर्धेदरम्यान बंद आहेत. वेदनाशामक ट्रामाडोलही १ जानेवारी २०२४ पासून. नाडा या भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या ‘नो युवर मेडिसिन’ या सेवेत औषधातला घटक टाकून तपासता येतं. ब्रँडच्या नावापेक्षा घटकाचं नाव शोधा आणि निकालाचा स्क्रीनशॉट ठेवा. आजारासाठी बंदी असलेलं औषध लागणारच असेल तर उपचारापुरती सवलत मागण्याची रीतसर प्रक्रिया आहे. साधारणपणे ती औषध सुरू करण्याआधी पूर्ण करायची असते. डब्यातल्या पावडरी या सेवेत तपासता येत नाहीत, आणि ‘झोप सुधारणारं मिश्रण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर माझा विश्वास नाही.

स्पर्धेच्या आदल्या रात्री

झोप येणार नाही, हे गृहीत धरा. ऑस्ट्रेलियाच्या २८३ अव्वल खेळाडूंना विचारलं तेव्हा ६४ टक्क्यांनी गेल्या वर्षभरात महत्त्वाच्या स्पर्धेआधी किमान एकदा झोप बिघडल्याचं सांगितलं. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने ताकद आणि छोट्या धावेवर फारसा परिणाम होत नाही. मन खट्टू होतं, शरीर बहुतेक वेळा साथ देतं. म्हणून जमा आधीच वाढवा: स्पर्धेआधीचा पूर्ण आठवडा रोज तासभर जास्त झोपा. मुंबई मॅरेथॉनला पहाटे पाचच्या सुमारास धावायचं असेल तर उठणं अडीच-तीनला होतं. तेव्हा शनिवारच्या रात्रीपेक्षा गुरुवार आणि शुक्रवारच्या रात्री सांभाळा. शनिवारी दुपारी झोपा. आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणतीही गोळी त्या रात्री घेऊ नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं

वेळ दिला, कॅफीन आवरलं, उजेड सुधारला आणि तरीही आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही असं तीन महिने चाललं, तर तो निद्रानाश आहे. त्यावर पहिला उपचार गोळी नसून वर्तणूक-उपचार आहे. झोपेच्या वेळा आणि सवयी पद्धतशीरपणे बसवणारा, काही आठवड्यांचा.

जाड मानेचे पैलवान, भारोत्तोलक आणि गोळाफेकपटू जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडखळतो असं खोलीतले सोबती सांगत असतील, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. तालमीत घोरण्यावर हसतात, पण व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात १४ टक्क्यांना हा विकार असल्याचा अंदाज निघाला. अशांना झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते.

रात्री पडल्यावर पायांत वळवळ, हलवल्याशिवाय चैन नाही, असं असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींमध्ये लोह कमी असणं नेहमीचं आहे, आणि लोहाअभावी मेंदूतली डोपामिनची यंत्रणा बिघडून हा त्रास होतो. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून गप्प बसू नका. फेरिटिन वेगळं मागून घ्यावं लागतं.

जाताना दोन आठवड्यांची वही, घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं रिकामं पाकीट आणि स्कूपच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे सांगा: मी स्पर्धात्मक खेळाडू आहे, माझी उत्तेजक चाचणी होऊ शकते.